आईचं वय झालंय, हे ठरवलं कुणी?

पत्र

माझी आई ७६ वर्षांची आहे. साताऱ्यात दादा-वहिनीबरोबर राहते. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या दिवाळीआधी आई परसदारी पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, मुका मार होता, पंधरा दिवसांत बरी झाली. पण तेव्हापासून तिचं घराबाहेर पडणं जवळजवळ बंदच आहे. पूर्वी मंडईतून भाजी तीच आणायची, वाईला मावशीकडे एसटीने एकटी जायची. आता जिना नको, देऊळ नको, लग्नकार्य नको. काहीही सुचवलं की एकच उत्तर, ‘माझं आता वय झालं गं.’ चहासुद्धा वहिनी पलंगावर नेऊन देते. दादा म्हणतो, ‘आयुष्यभर राबलीय, आता बसू दे तिला.’

मी मोबाइलवर वाचलं, की म्हातारपणाबद्दल चांगला विचार करणारी माणसं साडेसात वर्षं जास्त जगतात. म्हणून आईला पळणाऱ्या, सूर्यनमस्कार घालणाऱ्या आज्यांचे व्हिडिओ पाठवायला लागले. ती चिडली. आता माझे मेसेज उघडतही नाही. तिचे विचार बदलले तर तिचे पाय खरंच सुधारतील का? आणि ते बदलायचे कसे? दादाचं बरोबर आहे का?

एक मुलगी, डोंबिवली

उत्तर

ताई, फिजिओथेरपीच्या कामानिमित्त मी रोज कुणा ना कुणाच्या घरी जाते, आणि ‘वय झालं’ हे वाक्य चपला काढता काढताच कानावर येतं. गंमत अशी, की ते बहुतेक वेळा पेशंटच्या आधी घरातलं दुसरंच कुणीतरी म्हणतं. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलायचंच आहे. आधी तुमच्या साडेसात वर्षांचं बघू.

आकडा खरा आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं एक छोटं गाव आहे. १९७५ साली तिथल्या पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना काही प्रश्न विचारले होते: वय वाढतं तसा माणूस कमी उपयोगाचा होतो असं वाटतं का, गेल्या वर्षी होता तेवढा उत्साह यंदा आहे का, अशा धाटणीचे. पुढे येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी त्यातल्या ६६० जणांची उत्तरं घेतली, त्यांच्या मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने बघणारे साधारण साडेसात वर्षं जास्त जगले होते. वय, आर्थिक परिस्थिती, एकटेपणा, सुरुवातीची तब्येत हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला.

पण याचा अर्थ आज विचार बदलला की उद्या खात्यावर साडेसात वर्षं जमा, असा होत नाही. ती लोकांवर वर्षानुवर्षं ठेवलेली नजर होती. कुणाचे विचार मुद्दाम बदलून काय होतं, हे तिथे तपासलेलंच नव्हतं. मोबाइलवर बातमी येताना नेमका हाच भाग गळतो.

तुमचा प्रश्न पायांचा आहे, आणि त्यासाठी ओहायोपेक्षा अमेरिकेतल्याच न्यू हेवन शहरातला अभ्यास जास्त कामाचा. तिथे सत्तरीपुढच्या ५९८ जणांची दहाएक वर्षं दर महिन्याला विचारपूस केली जात होती. अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं आणि चालणं या चार गोष्टी स्वतःच्या स्वतः जमतात का, एवढंच बघायचं. आजारपण, पडणं, ऑपरेशन अशा कारणांनी कितीतरी जण मधल्या काळात परावलंबी झाले, आणि त्यातले काही पुन्हा उभेही राहिले. लेव्ही यांच्याच गटाने २०१२ मध्ये मांडलं, की म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत बरं होतं, ते गंभीर परावलंबित्वातून पुन्हा पूर्ण स्वावलंबी होण्याची शक्यता वाईट मत असणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त होती. आयर्लंडमध्ये चार हजारांहून अधिक लोकांची चाल मोजून दोन वर्षांनी पुन्हा मोजली. म्हातारपणाबद्दल ज्यांची मतं निराशेची होती, त्यांचा चालण्याचा वेग जास्त घटलेला सापडला.

तुम्ही म्हणाल, उलटंही असेल की! पाय दुखतात म्हणून माणूस निराश होतो. अगदी बरोबर, तसंही होतं. पण ऑस्ट्रेलियात सोळा वर्षं चाललेल्या एका अभ्यासात हीच तपासणी केली, आधी काय घसरतं आणि मागून काय. तिथे स्वतःच्या म्हातारपणाबद्दलचं मत आधी आणि शरीराची घसरण मागून, असा क्रम जास्त जुळला.

एक प्रयोग मात्र मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि तो फसलेला आहे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं होतं, की म्हातारपणाची आठवण करून देणारे शब्द असलेली कोडी तरुण विद्यार्थ्यांना सोडवायला दिली तर ती मुलं बाहेर पडताना हळू चालतात. पुस्तकांतून, भाषणांतून हे खूप गाजलं. २०१२ मध्ये ब्रुसेल्समध्ये काही जणांनी तोच प्रयोग पुन्हा करताना घड्याळ हातात धरण्याऐवजी इन्फ्रारेड सेन्सर लावले, आणि फरक दिसेना. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांच्याच कानात एक गोष्ट घातली, ‘ही मुलं हळू चालतील बरं का.’ ज्यांना असं सांगितलं होतं, त्यांच्यासमोरची, तीच कोडी सोडवलेली मुलं खरोखर हळू चालली. म्हणजे नुसत्या शब्दांनी जे झालं नाही, ते समोरच्या माणसाच्या अपेक्षेची जोड मिळाल्यावर झालं.

हे वाचल्यापासून मी पेशंटच्या घरी गेले की पेशंटकडे बघण्याआधी बाकीच्यांकडे बघते.

साताऱ्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हीच लिहिलंय. चहा पलंगावर जातो. मला उरलेलंही दिसतं. आई उठायला लागल्या की कुणीतरी ‘थांबा थांबा’ म्हणत धावतं, दंडाला धरून उचलतं. पाण्याचा तांब्या हाताशी, औषधं हाताशी, मोबाइल उशाशी. भाजी कुणी निवडायची? वहिनींनी. देवपूजा? दादाने, दोन मिनिटांत. प्रेमाने होतंय सगळं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दिवसभरात त्या बाईला उठायला एकही कारण उरलेलं नाही, आणि प्रत्येक कृतीतून तिला कळतंय, की तुझ्याकडून आता होणार नाही असं आम्ही धरून चाललोय. मग तीही तेच म्हणते. ‘वय झालं’ हे वाक्य तुमच्या आईंनी एकटीने तयार केलेलं नाही.

१९८२ सालचा एक साधा प्रयोग यावर नेमकं बोट ठेवतो. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात तिथल्या लोकांना चित्रांचे तुकडे जुळवायचं कोडं दिलं. एका गटाला शेजारी बसून प्रेमाने मदत केली, हा तुकडा इथे, तो तिथे. दुसऱ्या गटाला फक्त तोंडी प्रोत्साहन दिलं. काही बैठकांनंतर दोघांची परीक्षा घेतली. ज्यांना नुसतं प्रोत्साहन मिळालं ते सुधारले. ज्यांना हाताने मदत केली, त्यांचं काम आधीपेक्षाही बिघडलं. मदतीने त्यांना काय शिकवलं ते उघड आहे.

आता शरीराचा हिशेब. बसून राहण्याने मांडीचे स्नायू किती झपाट्याने जातात याची लोकांना कल्पना नसते. २००७ मध्ये सरासरी ६७ वर्षांच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. फक्त दोन पायांतून जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. दहा दिवसांत! तुमच्या आई दिवाळीपासून बसून आहेत. त्या पूर्ण झोपून नाहीत हे खरं, पण पंधरा दिवसांचा मुका मार बरा झाल्यावर त्या जेव्हा पहिल्यांदा जिना चढायला गेल्या असतील तेव्हा पाय लटपटले असणार, आणि त्यांनी ते वयाच्या नावावर लिहिलं असणार. आपण सगळेच तसं करतो. लटपट झाली अंथरुणामुळे, दोष गेला वयाकडे, म्हणून आणखी बसणं, म्हणून आणखी लटपट. विचार आणि पाय यांचा जो संबंध सगळे अभ्यास दाखवतात, तो माझ्या अनुभवात मुख्यतः या रस्त्याने घडतो. मनावरचा ताण, आशा-निराशा यांचाही वाटा आहेच; पण वयाचं कारण पटलं की माणूस उठायचं थांबतो, हा मोठा भाग.

उलट्या दिशेचा पुरावाही आहे, आणि तो तुमच्या आईंपेक्षा कितीतरी थकलेल्या माणसांचा आहे. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनं उचलायचा व्यायाम दिला. आठ आठवडे. हलकाफुलका व्यायाम तो नव्हता, चांगला जड. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. नव्वदीत. मात्र व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत त्यातली बरीच ताकद गेली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. हा कोर्स संपवून मोकळं होण्याचा प्रकार नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: विचार बदलले तर पाय सुधारण्याची शक्यता वाढते, हो. पण तुम्ही सुरुवात विचारांपासून करू नका. पाय आधी थोडे सुधारू द्या. ‘मला जमलं’ हे पायांनी सांगितलं तर त्या ऐकतील. मुलीने डोंबिवलीहून सांगून ऐकणार नाहीत.

त्याहीआधी डॉक्टर. ‘वय झालं’ हे निदान नाही, आणि ‘मनाने घेतलंय’ हेही नाही. ७६ व्या वर्षी पडलेल्या माणसाची पडण्याच्या कारणासाठी तपासणी व्हायला हवी, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. फरशी ओली होती म्हणून विषय संपला असेल. रक्तदाब झोपून आणि उभं राहून असा दोन्ही वेळा मोजायला सांगा. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी उभं राहताना तोल जाणारे कितीतरी लोक आहेत. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, यादी नको, पाकिटंच. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं, आणि त्याने पाय बधिर होतात, तोल बिघडतो. मोतीबिंदू बघा, कानही बघा. आणि हाडं मोजून घ्या. या वेळी मोडलं नाही म्हणून हाडं भक्कम आहेत असं होत नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला, हळू आवाजात का होईना. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. देऊळ नको, लग्नकार्य नको, मुलीचे मेसेज नको. झोप कशी आहे, जेवण कमी झालंय का, पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का? हे औदासीन्य, म्हणजे डिप्रेशन, असेल तर त्यावर उपचार आहेत, आणि ते बरं झालं तर पायांचं कामही सोपं होईल. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं औदासीन्य ‘आता विरक्ती आली हो’ म्हणून कौतुकाने खपून जातं. मला या कौतुकाचा राग येतो.

तपासणीत काही अटकाव निघाला नाही तर घरी एक चाचणी करा. तुम्ही साताऱ्याला जाल तेव्हाच करा, फोनवरून नको. जेवणाच्या टेबलाची हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. प्लास्टिकची नको, ती घसरते. आईंनी दोन्ही हात छातीवर घडी घालून, हात न टेकता उठून पूर्ण उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. शेजारी कुणीतरी उभं हवं. अमेरिकेत वापरतात त्या कोष्टकाप्रमाणे ७५ ते ७९ वयाच्या बायकांना दहापेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. तीन आले तर तीन. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि कुणीही चेहरा पाडू नका.

हीच चाचणी उद्यापासून व्यायाम होते. पण नीट शिकवावी लागते. बहुतेक लोक पाठीने मागे रेलूनच उठायला जातात, दोनदा झोका घेतात, धपकन परत बसतात आणि म्हणतात, ‘बघ, नाही होत.’ तसं कुणाचंच होणार नाही, माझंही नाही. आधी बूड पुढे सरकवून खुर्चीच्या कडेला यायचं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन पावलांत वीतभर अंतर. मग छाती पुढे झुकवायची, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. वजन पावलांवर आलेलं जाणवलं की मगच उठायचं. नऊवारी असो की गाऊन, पायात अडकणार नाही एवढं बघा. बसताना तीन मोजत हळूहळू बसायचं, कारण खाली येतानाही मांडीला काम पडतं. अजिबातच उठता येत नसेल तर खुर्चीवर दोन घडीच्या चादरी किंवा कडक उशी ठेवून उंची वाढवा; उंचावरून उठणं सोपं असतं. आठवडाभराने एक चादर काढा. गुडघे थोडे कुरकुरतील, ते चालतं. गुडघा सुजला किंवा दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिला तर कमी करा आणि जवळच्या फिजिओला दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर व्यायाम बंद आणि सरळ डॉक्टर.

तोलासाठी ओट्याची कड धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. चहाला आधण येईपर्यंत एवढं होऊन जातं. त्यासाठी अर्थातच चहा आईंनी स्वतः करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यात निदान तीन दिवस ताकद आणि तोल यांचा व्यायाम सांगितलाय. नुसतं सकाळी फिरून येणं पुरत नाही. आणि साताऱ्यात फिरायचं म्हणजे एक तर चढ नाही तर उतार. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गावात सपाट रस्ता शोधावाच लागतो. सुरुवातीला घरातच, गच्चीवर किंवा गल्लीत.

खाण्याचं थोडक्यात: स्नायू पोळी-भाताने बांधले जात नाहीत. दोन्ही जेवणांत पिठलं, घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, यातलं काहीतरी पोटभर हवं. संध्याकाळी ‘भूक नाही, दूध-बिस्किट पुरे’ हे बंद. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

पडण्याची भीती समजूत घालून जात नाही. जिथे पडल्या ती जागा आधी सुधारा. परसदारच्या फरशीवर शेवाळ येत असेल तर घासून खरखरीत करा, भिंतीला धरायला दांडा बसवा, न्हाणीघरातही. दारातलं सरकणारं पायपुसणं उचला. रात्री वाटेवर छोटा दिवा. घरात पाय अडकवायच्या सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. दांडा बसवताना उंची आईंच्या हाताने ठरवा, सुतार त्याच्या अंदाजाने बसवतो. हे झाल्यावर ‘आता पडणार नाहीस’ असं म्हणायचीही गरज नाही. त्या स्वतःच एकदा दांडा हलवून बघतील.

आता दादा-वहिनी. तुम्ही डोंबिवलीत, रोजचं करतात ते. त्यामुळे हे सांगताना तोल सांभाळा, नाही तर ‘आली शहाणपण शिकवायला’ असं होईल, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. मला विचाराल तर दादांचं अर्धं बरोबर आहे. आयुष्यभर राबलेल्या बाईला कुणी पुन्हा राबायला लावू नये. म्हातारपणात काही गोष्टी खरोखर जातात आणि त्या जाणं हा कुणाचा दोष नसतो. गुडघ्याची गादीच झिजली असेल तर छान छान विचार करून ती परत येणार नाही. त्यांच्या दुखण्याला ‘तू नकारात्मक विचार करतेस म्हणून’ असं कुणी म्हणालं, तर ते मला दादांच्या लाडापेक्षाही वाईट वाटेल. पण ‘बसू दे’ या शब्दांत बसून काही खर्च होत नाही असं गृहीत धरलंय, आणि खर्च होतोय. हे त्यांना सांगा. दहा दिवस झोपवलेल्या माणसांची गोष्ट सांगा, पुरुषांना आकड्याचं लवकर पटतं.

वहिनींशी मात्र वेगळं बोला, एकट्यात. चहा पलंगावर नेण्यामागे माया असेल. पण सून चहा जागेवर देत नाही असं उद्या नातेवाइकांत होऊ नये, ही धास्तीही असते. ती आपल्याकडे फार खरी आहे. म्हणून हा बदल ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ या नावाखालीच झाला पाहिजे, आणि तो आईंसमोर तुम्ही जाहीर करायचा. चहा टेबलावर मिळेल. तिथवर यायचं.

मग एकेक काम परत द्या. खोटं काम देऊ नका, ते लगेच कळतं. शेंगा सोलायला बसवणं म्हणजे काम परत देणं नव्हे, ते बसूनच होतं. उभं राहून, चालून, जिन्याच्या दोन पायऱ्या चढून होणारं आणि खरोखर कुणीतरी त्यावर अवलंबून असलेलं काम हवं. तुळशीला पाणी. दळणाचं गहू-ज्वारीचं प्रमाण काढून डबा भरणं. देवपूजा तर दादांकडून आजच काढून घ्या. उठायला त्यांना वेळ लागेल, पूजेला पाऊण तास लागेल, फुलं घ्यायला दोनदा आत-बाहेर होईल. होऊ दे. सगळ्यांना कठीण जातं ते इथेच, बाजूला उभं राहून हात मागे बांधून ठेवणं. दंडाला धरून उचलण्याऐवजी ‘पुढे वाका, हं, आता’ एवढं तोंडाने.

व्हिडिओंबद्दल. त्यांचा राग मला समजतो. ९५ व्या वर्षी शर्यतीत पळणारी आजी बघून पलंगावर बसलेल्या बाईला स्फूर्ती मिळत नाही, तिला कळतं की मुलगी आपल्याला दुसऱ्या कुणाशी तरी तोलते आहे. वारीचं उदाहरणही देऊ नका. आळंदीहून पंढरपूरला त्यांच्या वयाच्या किती बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुरून दाखवलेल्या अचाट माणसापेक्षा शेजारची, आपल्यासारखीच माणसं कामी येतात. लॉस एंजेलिसमध्ये २००७ साली, फारसं न चालणाऱ्या ज्येष्ठांचे लहान गट करून एक उपक्रम केला. आठवड्यातून एकदा तासभर बसून चर्चा, की हालचाल कमी होणं हा वयाचा नियमच आहे का, आणि लगेच पुढचा तास व्यायाम. असे चार आठवडे. सगळे लॅटिन अमेरिकन वंशाचे, एकमेकांच्या भाषेत बोलणारे. आठवड्याची पावलं सुमारे २५ हजारांवरून ३० हजारांच्या वर गेली. गट लहान होता, तेव्हा फार डोक्यावर घेऊ नका; पण बोलणं आणि करणं एकाच खोलीत, एकाच दुपारी झालं, हे मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नुसत्या व्याख्यानांऐवजी व्यायामाचा वर्ग चालतो का याची चौकशी करा. पहिल्या दिवशी शेजारच्या कुणा ओळखीच्या बाईंनी न्यायला यावं. मुलगी सोबत आली की आई पेशंट होते.

आणि त्यांना काय हवंय ते विचारलंत का कुणी? पत्रात तुम्हाला काय हवं, दादांना काय हवं ते आहे. माझा अंदाज, मावशी. वाईला जाणं ही त्यांची स्वतःची, कुणाला न विचारता केलेली गोष्ट होती. तसं असेल तर व्यायामाला ध्येय मिळालं. एसटीची पहिली पायरी किती उंच असते आठवा. दांडा धरायचा, गुडघा जवळजवळ कंबरेपर्यंत उचलायचा, आणि एका पायावर सगळं अंग वर ओढायचं, मागून लोक ढकलत असताना. ही एक हालचाल घरच्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून करता येते. वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा आधी. पायरी जमली की तिच्यावर पक्का लाकडी पाट टाकून उंची वाढवता येईल; पाट डगमगत नाही ना, ते दादांनी उभं राहून बघावं.

तीनेक महिन्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या. कॅलेंडरवरचा आकडा वाढला असेल आणि पायरी सहज जमत असेल तर वाईचा विषय काढा, त्याआधी नको. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट नाही, त्यासाठी कोणतं कार्ड लागतं ते आधी स्टँडवर विचारून ठेवा. सकाळची पहिली गर्दी ओसरल्यानंतरची गाडी बघा आणि साताऱ्याच्या स्टँडवरूनच बसवा, मधल्या थांब्यावर हात दाखवून नको. पहिल्या खेपेला नातवाला बरोबर द्या, पण मागच्या सीटवर. तिकडे स्टँडवर मावशींना घ्यायला येऊ दे, आणि परतीची गाडी कधीची ते दोघी बहिणींना ठरवू दे.